बालगृहात काम सुरू करण्याआधी: स्वयंसेवक आणि नव्या कर्मचाऱ्यांसाठी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, "मुलांसाठी काहीतरी करायचंय, कुठे जाऊ?" त्यात कॉलेजची पोरं असतात, निवृत्त शिक्षिका असतात, एमएसडब्ल्यू करून पहिली नोकरी शोधणारेही असतात. मी बालगृहात आधी स्वयंसेवक म्हणून गेले आणि पुढे तिथेच पगारी कामाला लागले. दोन्ही बाजू पाहिल्या असल्यामुळे प्रत्येकाला तेच ते फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालचं सगळं तिच्यावर उभं आहे. संस्थेतल्या मावशींना पगार वेळेवर मिळतो का, आठवड्याची सुट्टी मिळते का, हे मी मुलांच्या जेवणाइतकंच महत्त्वाचं मानते. दिवसरात्र राबवून घेतलेली, नाडलेली माणसं मुलांना शांतपणे सांभाळू शकत नाहीत. त्यामुळे "मुलांसाठी एवढं तर करायलाच हवं" असं म्हणून कुणी तुमचा हक्क गिळत असेल, तर तिथे मुलांचाही कुठला तरी हक्क गिळला जात असण्याची शक्यता मोठी.

हे सगळं महाराष्ट्रातल्या संस्था डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. केंद्राचे कायदे इतर राज्यांतही तेच आहेत, कार्यालयांची नावं थोडी बदलतील.

१. कोणत्या प्रकारची संस्था आहे, ते आधी समजून घ्या

लोक सरसकट "अनाथाश्रम" म्हणतात. संस्थेत गेल्यावर हा शब्द वापरू नका, मुलांसमोर तर नाहीच. बालगृहातल्या बऱ्याच मुलांना आई किंवा वडील असतात. कुणाची आई घरकाम करते आणि रात्री मुलीला एकटं ठेवायला जागा सुरक्षित नाही, कुणाचे वडील तुरुंगात आहेत, कुणी घरातून पळून रेल्वे स्टेशनवर सापडलेला आहे.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्याखाली वेगवेगळ्या संस्था येतात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी बालगृह असतं. कायद्याशी संघर्ष झालेल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी निरीक्षण गृह. रस्त्यावरच्या मुलांना थोड्या काळासाठी आसरा देणारं खुलं निवारागृह. लहान बाळांना दत्तक देण्याचं काम विशेष दत्तक संस्था करते. अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी अनुरक्षण गृह असतं, आणि तिथे तर माणसं फारच कमी येतात.

याशिवाय निवासी नसलेलं काम आहे: वस्तीतली अभ्यासिका, बांधकामाच्या साइटवरचे वर्ग, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचे हंगामी वर्ग. १९८८ साली मुंबईत सुरू झालेलं डोअर स्टेप स्कूल अशा कामाचं जुनं उदाहरण आहे. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने शक्यतो इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे. मूल संध्याकाळी आपल्या घरी जातं, त्यामुळे तुमच्या येण्याजाण्याचा त्याच्या मनावर तेवढा भार पडत नाही.

२. वेळ खरा सांगा

"जमेल तसं येईन" हे वाक्य संस्थेच्या काही उपयोगाचं नसतं. आठवड्यातून एकच दिवस द्या, पण तो दिवस ठरलेला असू द्या, आणि किमान एक शैक्षणिक वर्ष चालवा. तेवढं शक्य नसेल तर मुलांशी थेट संबंध नसलेलं काम मागा. हिशेब लिहून काढायला, पत्रव्यवहार करायला, संगणक दुरुस्त करायला माणूस नेहमी हवा असतो. सगळ्यात मोठी गरज असते ती कागदांची. मुलांचं आधार अद्ययावत करणं, बँकेत खातं उघडणं, शाळा सोडल्याचा दाखला आणणं, जातीच्या दाखल्यासाठी पुरावे गोळा करणं. दोन्ही पालक नसलेल्या मुलांना महाराष्ट्रात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण त्यासाठी महिला व बाल विकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्या फाइलमागे चकरा मारणारा एक चिकाटीचा माणूस एखाद्या मुलीचं पुढचं आयुष्य बदलू शकतो. या कामाचे फोटो निघत नाहीत म्हणून ते मागे पडतं.

३. संस्थेची कागदपत्रं तपासा

मागायला संकोचू नका. चांगली संस्था न रागावता दाखवते.

• बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खालील नोंदणी प्रमाणपत्र. मुलं राहत असतील तर हे हवंच. नोंदणी पाच वर्षांची असते, म्हणून तारीख बघा. नोंदणीशिवाय मुलं ठेवणं हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

• धर्मादाय आयुक्त कार्यालयातला नोंदणी क्रमांक. तो बहुतेकदा "ई" किंवा "एफ" अक्षराने सुरू होतो. संस्था कंपनी म्हणून, म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदलेली असेल तर तो क्रमांक वेगळा असतो.

• मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल.

• देणगी घेत असतील तर आयकराच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) च्या नोंदी.

• बाल संरक्षण धोरण. पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा; त्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांशी काम करणाऱ्या संस्थेकडे असं धोरण असायला हवं. नुसतं "आहे" म्हणाले तर वाचायला मागा.

शंका असेल तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. संस्था नोंदणीकृत आहे का, हे तिथे कळतं. राज्याचं महिला व बाल विकास आयुक्तालय पुण्यात आहे, पण तिथवर जायची वेळ सहसा येत नाही.

इथली नेहमीची फसगत अशी की ट्रस्टची नोंदणी दाखवून "आमचं सगळं कायदेशीर आहे" असं सांगितलं जातं. ट्रस्ट नोंदलेला असणं आणि मुलं ठेवायची परवानगी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "गुरुकुल", "वसतिगृह", "आश्रम" अशा नावांखाली कुठल्याच यंत्रणेला न कळवता लहान मुलं ठेवलेली असतील, तर सावध व्हा.

४. पहिल्या भेटीत डोळे उघडे ठेवा

कार्यालयात बसून चहा घेण्यापेक्षा स्वयंपाकघर, स्वच्छतागृह आणि झोपायची खोली दाखवायला सांगा. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी आहे का? जेवणाचा तक्ता भिंतीवर आहे आणि आजचं जेवण त्याच्याशी जुळतं का? १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलांना दिसेल अशा जागी लावलाय का? सूचना पेटी असेल तर ती कोण उघडतं?

मुलं तुमच्याशी कशी वागतात, तेही पाहा. नवीन माणूस दिसताच सगळी मुलं रांगेत उभी राहून "नमस्ते" म्हणून गाणं म्हणायला लागली, तर त्यांना रोज पाहुण्यांपुढे उभं केलं जातंय असं समजा. धावत येऊन अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणारी मुलं पाहून आपल्याला भरून येतं. पण जिथे माणसं सारखी बदलतात, तिथेच मुलं अशी पटकन चिकटतात. जिथे मूल लांबून निरखून पाहतं आणि मग आपल्या खेळाकडे वळतं, तिथे त्याला हक्काची माणसं आहेत.

आणि मावशींशी बोला. किती वर्षं आहेत, ड्यूटी किती तासांची, रात्री किती मुलांमागे किती जणी असतात. यातून जे कळतं ते कुठल्याही अहवालात नसतं.

५. तुमची कागदपत्रं तयार ठेवा

आधार आणि पत्त्याचा पुरावा, दोन फोटो, शिक्षणाच्या दाखल्यांच्या प्रती, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जबाबदार माणसांचे संपर्क, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. हे शेवटचं महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर अर्ज करून मिळतं. स्थानिक पोलीस ठाण्यात पडताळणीला जावं लागतं, म्हणून लवकर अर्ज करा.

कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी पोक्सो नियमांनुसार बंधनकारक आहे. शहाण्या संस्था स्वयंसेवकांकडूनही मागतात. तुमच्याकडे मागितली तर अपमान वाटून घेऊ नका. उलट आल्या दिवशी काहीही न विचारता "या, मुलांना घेऊन बसा" म्हणणारी संस्था उद्या दुसऱ्या कुणालाही तसंच आत घेईल.

सगळ्या प्रतींवर "फक्त अमुक संस्थेच्या कामासाठी" असं लिहून सही करा. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवू नका.

६. काय ठरलं ते लेखी घ्या

एक पानाचं पत्र पुरतं. त्यात काम कोणतं, वार आणि वेळ, कुणाला विचारून करायचं, प्रवासखर्च मिळणार का, किती काळासाठी, आणि कोणत्या गोष्टी करायच्या नाहीत, एवढं असावं.

स्वयंसेवक आणि कर्मचारी यांच्यातली रेघ इथेच आखून घ्या. रोज ठरलेल्या वेळेला यायचं, हजेरीपटावर सही करायची, रजा मागायची, वरिष्ठांचे आदेश पाळायचे आणि तुमच्याशिवाय संस्थेचं चाक थांबतंय अशी स्थिती असेल, तर ती नोकरी आहे. तिला पगार हवा. "सध्या स्वयंसेवक म्हणून ये, प्रोजेक्ट मंजूर झाला की घेतो" असं सांगून महिनोन्‌महिने पूर्णवेळ राबवून घेतलेल्या मुली मी पाहिल्यात. बहुतेक खेड्यातून शहरात आलेल्या, घरी पैसे पाठवायचे असलेल्या. त्यांच्याकडे कागद नव्हता, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

७. मुलांमध्ये वावरताना

पहिले काही आठवडे शिकवायची घाई करू नका. बसा, पाहा, नावं लक्षात ठेवा. संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी सतरंजीवर बसलेली मुलं बघितली की सुरुवातीला सगळी सारखीच वाटतात. थोड्या दिवसांनी वेगळं दिसायला लागतं. आमच्याकडे एक मुलगा वजाबाकी येत असूनही मुद्दाम चुकीचं उत्तर लिहायचा. पेन्सिलने बरोबर लिहिलेलं खोडरबराने पुसून वर चुकीचं लिहिलेलं वहीत दिसायचं. चुकलं की ताई शेजारी येऊन बसते, हे त्याने ओळखलं होतं. त्याला गणिताची शिकवणी नको होती, ठरलेल्या वेळी पाच मिनिटं कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. रोज अभ्यास संपल्यावर त्याच्याजवळ बसायचं ठरवलं आणि वजाबाकी आपोआप सुधारली.

म्हणून आठवड्याचा वार चुकवू नका, आणि चुकणार असेल तर आदल्या दिवशी निरोप द्या. "ताई येणार" म्हणून दाराशी ताटकळणारं मूल पुढच्या वेळी तुमच्याशी बोलत नाही. त्याचं बरोबरच असतं.

मूल इथे कसं आलं, हे विचारू नका. त्याने स्वतःहून सांगितलं तर ऐका, खोदून प्रश्न करू नका आणि घरी जेवताना ती गोष्ट सांगू नका. केस फाइल बघायचा अधिकार स्वयंसेवकाला नसतो. कुणी आपणहून दाखवायला लागलं तर नको म्हणा.

मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही. दार उघडं, दुसऱ्या कुणाला तरी दिसेल अशी जागा. मूल जवळ आलं तर झिडकारायचं नाही, पण आपण होऊन मांडीवर घेणं, गालगुच्चे घेणं टाळा. मोठ्या मुलींच्या खोलीत पुरुष स्वयंसेवकाने जायचं कारणच नाही. हा नियम तुमचंही रक्षण करतो.

हात उगारायचा नाही. "आमच्या लहानपणी मास्तर फोडून काढायचे, बिघडलो का आम्ही?" हे इथे चालत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ८२ प्रमाणे संस्थेत शारीरिक शिक्षा करणाऱ्याला पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड आहे, पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि नोकरीही जाते. उन्हात उभं करणं, जेवण बंद करणं, "तुझी आई येणारच नाही" असं म्हणणं यांना मी मारण्यापेक्षा कमी समजत नाही.

एकाच मुलाला खाऊ, एकालाच वही, एकालाच मोबाइल बघायला देणं, यातून बाकीच्यांच्या मनात जे होतं ते निस्तरायला रात्री मावशी असते, तुम्ही नसता. आपला फोन नंबर मुलांना देऊ नका. आणि वचनं देऊ नका: "पुढच्या सुट्टीत माझ्या घरी ये", "तुला मी शिकवीन", "आईला शोधून देईन". बाल कल्याण समितीच्या आदेशाशिवाय मूल कुणाच्या घरी राहायला पाठवता येत नाही. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते आणि मुलाला संस्थेत ठेवायचं, घरी पाठवायचं की आणखी काही, हे तीच ठरवते.

एखाद्या बाळावर जीव जडला आणि दत्तक घ्यावंसं वाटलं, तर रस्ता एकच: केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या म्हणजे काराच्या पोर्टलवर नोंदणी करून, सगळ्यांबरोबर रांगेत थांबून. कुणीतरी फुले दांपत्याने यशवंतला दत्तक घेतल्याचा दाखला देतं. तो काळ १८७४ चा होता. आज संस्थेतून परस्पर मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

८. फोटो काढू नका

बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं: नाव, पत्ता, शाळा, किंवा ज्यावरून ओळख पटेल असं काहीही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सअॅप स्टेटस आणि इन्स्टाग्रामची स्टोरी "खाजगी" आहे असं कुणाला वाटत असेल, तर तो गैरसमज आहे. डोळ्यांवर काळी पट्टी मारल्याने काही साधत नाही, कारण गणवेश आणि मागची पाटी ओळखू येतेच.

संस्थेनेच "देणगीदारांना दाखवायला" फोटो मागितले तर हातांचे, वह्यांचे, चित्रांचे काढा.

९. काही गैर दिसलं तर

हा भाग नीट वाचा.

मुलाच्या अंगावर वळ दिसले, मूल एखाद्या माणसाला पाहून गप्प झालं, रात्री कुणाला तरी खोलीबाहेर बोलावलं जातं असं कानावर आलं, तर "मी बाहेरचा माणूस, मला काय" असं म्हणायची मुभा कायदा देत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती असेल किंवा तसं घडेल अशी भीती वाटत असेल, तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. माहीत असून न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या माणसाला पाठीशी घातलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

काय करायचं, ते क्रमाने:

पहिलं, मुलाने सांगितलं तर शांतपणे ऐका. "तुझी चूक नाही, सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण सांगावंच लागणार आहे.

दुसरं, पुन्हा पुन्हा विचारू नका आणि आरोप असलेल्या माणसाला समोर बोलावू नका. चौकशी पोलिसांचं काम आहे.

तिसरं, त्याच दिवशी मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

चौथं, १०९८ वर फोन करा. ही सेवा चोवीस तास चालते आणि आता ११२ शीही जोडलेली आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समितीलाही कळवता येतं. अधीक्षकांवर विश्वास असेल तर त्यांना सांगा, पण त्यांना सांगितलं म्हणजे तुमची जबाबदारी संपली असं होत नाही.

"संस्थेचं नाव खराब होईल, अनुदान बंद होईल, बाकीची मुलं कुठे जातील?" हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं आणि त्याने भलेभले विरघळतात. बाकीच्या मुलांची सोय करणं हे समितीचं काम आहे आणि ती ते करू शकते. तुम्ही गप्प बसण्याने त्यांचं रक्षण होत नाही.

गैरप्रकार तुमच्या बाबतीत झाला तर? कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्वयंसेवक महिलांनाही लागू आहे, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर संस्थेत अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार शक्यतो तीन महिन्यांच्या आत करा.

१०. वस्तू, पैसे आणि वाढदिवस

पितृपक्षात अन्नदानाला, दिवाळीत फराळाला आणि ३१ डिसेंबरला केकला एवढे फोन येतात की मुलांची पोटं बिघडतात. जुलैत मात्र कुणी फिरकत नाही, आणि खरी गरज तेव्हाच असते. कपडे वाळत नाहीत, खरूज पसरते, एका मुलीच्या डोक्यात उवा झाल्या की आठवड्यात सगळ्या खाजवायला लागतात. सुती अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, टॉवेल, उवांचं औषध, काळे शाळेचे बूट, रेनकोट: आधी अधीक्षकांना यादी विचारा आणि नवीनच द्या. जुन्या कपड्यांची गाठोडी उघडायला बसा एकदा. चेन तुटलेल्या जीन्स, लग्नातली शेरवानी, एका पायाचा बूट. ते निवडून टाकायला मावशींचा अख्खा रविवार जातो.

संस्थेत आपल्या मुलाचा वाढदिवस साजरा करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्याला आपली जन्मतारीख नक्की माहीत नाही त्याने दुसऱ्याच्या केकसमोर टाळ्या का वाजवायच्या? त्या पैशात महिन्याचा दुधाचा खर्च उचला आणि पावती घ्या.

पैसे बँकेतून द्या. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर ८०जी ची सवलत मिळत नाही. वस्तूंवर ती मिळत नाही आणि आयकराची नवी पद्धत निवडली असेल तरीही नाही. पावतीबरोबर संस्थेने १०बीई नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायला हवं.

परदेशातल्या मंडळींसाठी: भारतीय पासपोर्ट असेल तर तिकडच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान धरली जात नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी ठरते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी. मग पैसे संस्थेच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. "माझ्या भावाच्या खात्यावर टाका, तो पोचवेल" असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा.

आणि शक्य असेल तर मुलाला घरीच राहता यावं म्हणून मदत करा. राज्याची बालसंगोपन योजना आहे, आता सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने. एका पालकाच्या किंवा नातेवाइकांच्या आधाराने राहणाऱ्या मुलाला त्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. ओळखीतल्या अशा एखाद्या आईला अर्ज भरून द्या. मग संस्थेत यायची वेळच येणार नाही कदाचित.

११. पगारी नोकरी घेणार असाल तर

नेमणूक पत्रात हुद्दा, पगाराचा आकडा, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रजा आणि नोटीस कालावधी लिहिलेला हवा. सरकारी योजनेतल्या पदांना "मानधन" म्हणतात. प्रकल्पाचा निधी उशिरा आला तर ते अडकतं. अशा वेळी संस्था काय करते, हे आधीच विचारा. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो, तेव्हा खात्याचा क्रमांक मागून स्वतः तपासत जा.

दोन सापळ्यांपासून फार जपा. पहिला, सहीचा आकडा एक आणि हातात पडणारा दुसरा. किंवा पूर्ण पगार खात्यात जमा करून त्यातला भाग "संस्थेला देणगी" म्हणून परत मागणं. एकदा मान्य केलं की दर महिन्याचा तो रिवाज होतो. दुसरा, कोऱ्या व्हाउचरवर आणि न झालेल्या प्रशिक्षणांच्या हजेरीवर सह्या. उद्या तपासणी आली की सही तुमची असते, सांगणारा तिथे नसतो.

निवासी काळजीवाहकाचं पद असेल तर रात्रपाळीचा आणि बदलीच्या माणसाचा प्रश्न तोंडावर विचारा. आठवड्यातून चोवीस तास सलग सुट्टी मिळाल्याशिवाय हे काम कुणालाही झेपत नाही. "आपण कुटुंब आहोत, कुटुंबात कसली सुट्टी?" असं उत्तर आलं तर दुसरी संस्था बघा. चांगल्या संस्था आहेत, आणि त्यांना माणसांची फार गरज आहे.

१२. थांबायचं ठरलं तर

किमान महिनाभर आधी अधीक्षकांना आणि समुपदेशकांना सांगा, आणि मुलांना कधी, कसं सांगायचं ते त्यांच्याबरोबर ठरवा. मग मुलांना खरी तारीख सांगा. "लवकरच परत येईन" असं खोटं सांगून पळू नका. कॅलेंडरवर खूण करून दिली तर लहानांना समजतं. चुकवल्यासारखं गायब होणारी माणसं त्यांनी आधीच खूप पाहिलेली असतात.

कोणत्या मुलाचं काय चाललंय, कुठल्या दाखल्याचा अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय, हे एका वहीत लिहून पुढच्या माणसाच्या हातात द्या. मोबाइलमध्ये मुलांचे फोटो किंवा कागदांच्या प्रती राहिल्या असतील तर पुसून टाका. ओळखपत्र परत करा, अनुभवाचं पत्र आणि राहिलेला प्रवासखर्च मागून घ्या. तो मागायला लाजू नका, तुमच्यानंतर येणाऱ्याला मागणं सोपं जाईल.